आजीच्या पाटल्या

परवा गावातल्या एका काकींचा फोन आला. मुलगा बारावी झालाय आणि सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायला शिकतात तिथे, जायचं म्हणतोय, तू होतास ना सात वर्षं तिथे, जरा येऊन बोल त्याच्याशी. मी गेलो, बोललो. पोरगा चांगला आहे, गिटार वाजवतो, चर्चच्या युवा ग्रुपमध्ये आहे, त्याला मी एवढंच सांगितलं की जायचंय तर मनापासून जा. पण मला खरं बोलायचं होतं ते काकींशी. त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या त्याच्यासाठी घेतलेली नवीन बॅग दाखवायलाच, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की माझ्या तोंडून शब्दच फुटेना. घरी आलो, रात्रभर झोप नाही. म्हणून हे लिहितोय, काकी वाचतील न वाचतील, कोणाची तरी आई वाचेल.

आम्ही वसईचे सामवेदी कॅथलिक. घरात कादोडी, म्हणजे आमची बोली, बोलतो, शाळा मराठी, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, ती पण मराठी. बाहेर कुठे नाव सांगितलं की लोक विचारतात, अरे तू ख्रिश्चन ना, मग इतकं चांगलं मराठी कसं, आणि दर वेळी मला तेच सांगावं लागतं की आम्ही कुठून आलो नाही, आम्ही इथलेच. 1534 ला वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्या काळात आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले, 1739 ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आम्ही आमच्या वाड्या, बावखलं म्हणजे वाडीतली तळी, केळी आणि पानवेली घेऊन जिथे होतो तिथेच राहिलो. निर्मळला एकीकडे एका शंकराचार्यांची समाधी आहे, एकीकडे होली क्रॉस चर्च, आणि कार्तिकातल्या जत्रेला सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, घ्यायला आम्ही सगळेच जातो. माझी आजी शेवटपर्यंत लाल लुगडं नेसायची आणि गळ्यात क्रूस घालायची, तिला ह्यात कधी काही वेगळं वाटलं नाही.

तर ही गोष्ट तशी आजीचीच आहे.

आजी पहाटेच्या पहिल्या लोकलने दादरला फुलं आणि भाजी घेऊन जायची. लगेज डब्यात टोपल्या, हातात जपमाळ, विरार गाडीत बसली की रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सुरू, बोरिवली येईपर्यंत पहिली पूर्ण व्हायची असं ती सांगायची. हातात कायम दोन पाटल्या, लग्नातल्या, त्या तिने कर्जाच्या वेळी सुद्धा मोडल्या नाहीत, वाडीत पाइपलाइन टाकायला पैसे कमी पडले तेव्हा सुद्धा नाहीत.

मी 1983 चा. वर्षाचा पण नव्हतो तेव्हा पावसाळ्यात मला न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी सांगितलं की आजची रात्र बघू. आई हॉस्पिटलमध्ये माझ्याजवळ आणि आजी घरी अल्तारासमोर, आणि तिथे तिने नवस केला की पोरगा वाचला तर तो देवाला दिला. फादर करीन त्याला. आणि ह्या पाटल्या त्याच्या चॅलिसला. चॅलिस म्हणजे मिस्सात द्राक्षारसाचा जो पेला असतो तो, नवीन फादरला दीक्षेच्या वेळी बहुतेक घरचेच देतात, चांदीचा, आतून सोन्याचा मुलामा दिलेला. त्या रात्री माझा ताप उतरला. मग काय, माझं ठरलंच.

मला हे कोणी कधी समोर बसवून सांगितलं नाही, पण मला आठवतं तेव्हापासून माहीत होतं. जसं आपलं आडनाव आपल्याला माहीत असतं तसं. पाहुणे आले की आजी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, हा देवाचा. भाऊ होता तो शेतीचा, बहीण होती ती शिकायची, आणि मी देवाचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू, मोठ्या माशाचा तुकडा पण मलाच यायचा.

सात-आठ वर्षांचा असेन, आमच्याच वाडीतल्या एकाची गुरुदीक्षा झाली. अख्खा गाव सजवलेला, मांडव, बॅण्ड, पताका. दीक्षेत बिशप नवीन फादरच्या तळहातांना पवित्र तेल लावतात, आणि नंतर लोक रांग लावून त्या तळहातांचं चुंबन घेतात. आजीने मला कडेवर उचललं, एवढा मोठा झालो होतो तरी, आणि त्या हातांपर्यंत नेलं. तेलाचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. घरी आल्यावर मी आजीचं धुतलेलं लुगडं खांद्यावर घेऊन भावंडांना मिस्सा सांगायला सुरुवात केली, पार्लेजीचं बिस्किट वर धरायचो, भाऊ घंटीऐवजी तांब्या वाजवायचा. आजी दारात उभी राहून बघायची आणि डोळे पुसायची.

पुढे वेदीसेवक झालो, म्हणजे मिस्साच्या वेळी फादरला मदत करणारा मुलगा. सकाळची सहाची मिस्सा, थंडीत अंगावर शाल आणि वरून पांढरा झगा, वाडीतून अंधारात टॉर्च घेऊन जायचं. मला मिस्सा मनापासून आवडायची, अजून आवडते. 1998 ला मुंबईपासून वेगळा होऊन आमचा वसई धर्मप्रांत झाला, पहिले बिशप थॉमस डाबरे, वसईतलेच. मी तेव्हा पंधरा वर्षांचा, आणि आपल्या गावाकडचा माणूस बिशप होऊ शकतो हे डोळ्यांनी बघितल्यावर अंगात काहीतरी सळसळलं. शिवाय फादर फ्रान्सिस दिब्रिटो होतेच. त्यांनी हरित वसईसाठी बिल्डरांच्या आणि गुंडगिरीच्या विरोधात लोक रस्त्यावर आणलेले, 'सुवार्ता' मासिक आमच्या घरी यायचं आणि पप्पा ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. फादर म्हणजे नुसती मिस्सा सांगणारा माणूस नाही, फादर म्हणजे वाडीतलं पाणी वाचवणारा माणूस, असं माझ्या डोक्यात बसलेलं. त्यामुळे मला कोणी ढकललं असं मी म्हणणार नाही. मला जायचं होतं. फक्त त्या "मला" मध्ये मी किती आणि आजी किती, हे वेगळं करायची अक्कल सतराव्या-अठराव्या वर्षी नसते.

जून 2001, बारावी झाल्यावर गेलो. निघताना वाडीतली चाळीस-पन्नास माणसं गोळा झाली होती, प्रार्थना म्हटली, कोणी पाकीट दिलं, कोणी टॉवेल, कोणी साबण. आईने बॅग भरली. आजीने पाटल्यांचा हात माझ्या गालाला लावला, गार लागल्या.

सेमिनरीबद्दल लोकांना काहीतरी भलतंच वाटतं, म्हणून थोडं लिहितो. तिथे कोणी कोंडून ठेवत नाही. साडेपाचला घंटा, ध्यान, सकाळची प्रार्थना, मिस्सा, नाश्ता, मग क्लास. दुपारी बागकाम नाहीतर संडास-बाथरूमची सफाई, सगळ्यांच्या पाळ्या लागलेल्या. संध्याकाळी फुटबॉल, मग रोझरी, अभ्यास, आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत मौन. हे मौन मला पहिल्या वर्षी जड गेलं आणि नंतर त्याच्याशिवाय झोप येईना. पहिलं वर्ष तयारीचं, मग तीन वर्षं तत्त्वज्ञान आणि सोबत बी.ए., मग एक वर्ष बाहेर कामाला, त्याला रिजन्सी म्हणतात, मग चार वर्षं थिऑलॉजी, म्हणजे धर्मशास्त्र. चर्चच्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञान आणि थिऑलॉजी मिळून कमीत कमी सहा वर्षं शिकावंच लागतं, आणि पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय साधारणपणे दीक्षा देत नाहीत. म्हणजे घाईघाईत कोणाला फादर करून टाकत नाहीत, उलट तुला नक्की हवंय का हे सारखं विचारत राहतात. मला तिथे चांगली माणसं भेटली. ज्यांनी मला विचार करायला शिकवलं ती सगळी तिथलीच. अक्विनासचा थॉमस आणि आद्य शंकराचार्यांचं अद्वैत एकाच सेमिस्टरला शिकलो, आणि सुट्टीत घरी आल्यावर निर्मळच्या समाधीसमोरून जाताना पहिल्यांदा थांबून आत गेलो, लहानपणापासून फक्त सुकेळी घ्यायला गेलेलो.

एकच गोष्ट मला आतून खात होती आणि तिला नाव सापडत नव्हतं. दीक्षा बघायला गेलो की माझ्यासोबत शिकणाऱ्या इतर ब्रदर लोकांचे चेहरे फुलायचे, ते म्हणायचे अजून पाच वर्षं, अजून चार वर्षं. मी पण मोजायचो. पण मी मोजायचो तसं, जसं आपण डेंटिस्टची तारीख मोजतो.

2005 ला रिजन्सीसाठी मला तलासरीच्या बाजूला पाठवलं, आदिवासी मुलांच्या बोर्डिंगवर. पाचवी ते दहावीची वारली मुलं. त्यांना गणित शिकवायचं, अंघोळीला उठवायचं, खरूज झाली तर मलम लावायचं, रात्री कोणी रडलं तर जवळ जाऊन बसायचं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर वर्ष, आत्ता विचारलं तरी हेच सांगेन.

ऑगस्टमधला शनिवार होता, धो धो पाऊस. सहावीतल्या एका पोराचा बाप त्याला भेटायला आला. बाप बराच लांबून चालत आला होता, डोक्यावर प्लास्टिकचं इरलं, पाय चिखलाने भरलेले, आणि हातात पिशवीत तीन काकड्या, घरच्या, पावसाळी, मोठ्या. दोघं बोर्डिंगच्या व्हरांड्यात बसले. बापाने कोयतीने काकडी कापली, खिशातून पुडीतलं मीठ काढलं, आणि दोघं खात बसले. तासभर. बोलले काहीच नाहीत म्हटलं तरी चालेल. बाप मध्येच पोराच्या डोक्यातलं काहीतरी काढायचा, पोरगं त्याच्या गुडघ्याला टेकून बसलेलं. पाऊस थोडा कमी झाल्यावर बाप उठला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेला.

मी खिडकीत वह्या तपासत बसलो होतो. मला काय झालं मला कळलं नाही, मी लाल पेन ठेवलं आणि खोलीत जाऊन दार लावून रडलो. मला ते हवं होतं. फादर म्हणून मी शंभर पोरांचा बाप झालो असतो, लोक तसं म्हणतातच आणि ते खरं पण असतं, मी अशा फादरांना बघितलंय ज्यांच्याकडे बघून कळतं की हा माणूस खरोखर सगळ्यांचा आहे. पण मला एकाच पोराचा बाप होऊन त्याच्यासाठी काकडी घेऊन पावसात चालत जायचं होतं. इतकं साधं होतं ते. लोक आजही आडून आडून विचारतात, कोणी मुलगी होती का? नव्हती. किंवा विचारतात, देवावरचा विश्वास उडाला का? नाही उडाला. त्या दिवशी मी प्रार्थनाच करत होतो, आणि त्या प्रार्थनेत पहिल्यांदा आजीचा आवाज नव्हता.

तरीही मी लगेच बाहेर पडलो नाही. थिऑलॉजीला गेलो, दोन वर्षं काढली. का काढली? कारण घरी जाऊन सांगायचं कसं. कारण वाडीतला प्रत्येक माणूस भेटला की विचारायचा, किती वर्षं राहिली आता? कारण आई प्रत्येक महिन्याला एक नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, माझ्यासाठी करायची. कारण त्या पाटल्या. पांढरा झगा घालून सुट्टीत घरी गेलो की म्हाताऱ्या बायका हात जोडायच्या, त्यांच्या नातवाच्या वयाच्या मला, आणि मला आत काहीतरी टोचायचं की ह्या ज्याला हात जोडतायत तो मी नाही. माझं वजन घटलं, रात्री जागा राहायला लागलो. ध्यानाच्या वेळी डोळे मिटले की व्हरांडा दिसायचा.

दोन गोष्टींनी मला सोडवलं.

एक म्हणजे माझे स्पिरिच्युअल डायरेक्टर. सेमिनरीत प्रत्येकाला एक असतो, त्याच्याकडे मन मोकळं करायचं, आणि चर्चचा कायदा असा आहे की तुला दीक्षा द्यायची की नाही हे ठरवताना वरिष्ठांनी त्यांचं मत विचारायचंच नाही, म्हणजे तिथे बोललेलं तिथेच राहतं. मी दोन वर्षं त्यांच्याशी इंग्लिशमध्ये बोलत होतो, सगळ्यांचं तसंच चालायचं. इंग्लिशमध्ये मला छान बोलता यायचं, डिसर्नमेंट, स्ट्रगल, कन्सोलेशन, सगळे शब्द पाठ. 2008 च्या उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, एक दिवस ते मध्येच थांबले आणि मराठीत म्हणाले, "हे राहू दे. तुला काय होतंय ते सांग." बस्स. मराठीत माझ्याकडे ते शब्दच नव्हते ज्यांच्या मागे लपता येईल. मी म्हटलं, "फादर, मला घर हवंय." ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग हे तू देवाला सांगितलंस का?" मी म्हटलं, रोज सांगतो. "आणि तो काय म्हणतो?" मी म्हटलं, तो काही म्हणत नाही, आजी म्हणते.

दुसरी गोष्ट कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, क्लासची. 1026 वं कलम. सरळ लिहिलंय की दीक्षा घेणारा माणूस मोकळा असला पाहिजे, कोणीही, कोणत्याही प्रकारे, कोणत्याही कारणासाठी त्याच्यावर जबरदस्ती करणं पूर्ण निषिद्ध आहे. क्लासमध्ये ते दोन मिनिटांत वाचून पुढे गेले. मी तिथेच अडकलो. कोणत्याही कारणासाठी. म्हणजे नवस पण त्यात आला. म्हणजे ज्या चर्चला मी धोका देतोय असं मला वाटत होतं तेच चर्च मला सांगत होतं की असा येऊ नकोस.

रेक्टरांना, म्हणजे सेमिनरीच्या प्रमुखांना, सांगितलं, बिशपांना पत्र लिहिलं. मी डिकन, म्हणजे फादरच्या आधीची पायरी, झालो नव्हतो, त्यामुळे कायद्याने काहीच अडचण नव्हती. डिकन झाल्यावर ब्रह्मचर्याचं वचन दिलेलं असतं, मग बाहेर पडायला थेट पोपकडून परवानगी लागते. ईस्टरनंतर परीक्षा दिली आणि एप्रिलमध्ये एक दिवस दुपारच्या विरार लोकलने घरी आलो. गाडी रिकामी होती. भाईंदरची खाडी आली तेव्हा मी दारात जाऊन उभा राहिलो, वारा एवढा होता आणि मला पहिल्यांदा पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं, आणि लगेच नायगाव दिसलं तशी पोटात कळ आली.

पप्पा वाडीत होते. बॅगा बघूनच समजले. त्यांनी फक्त विचारलं, जेवलास का? आई आत जाऊन रडली. आजी व्हरांड्यात टोपलीत फुलं निवडत होती, ती निवडत राहिली. सगळी फुलं निवडून झाली, मग उठली आणि अल्तारासमोर जाऊन बसली, रात्री जेवायला पण उठली नाही. आठ महिने ती माझ्याशी गरजेपुरतं बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आणि बाहेर तर काय. "पळून आला." हा शब्द मी स्वतः ऐकला, पाण्याच्या टाकीजवळ, माझी पाठ होती म्हणून त्यांना दिसलो नाही. सात वर्षं राहिलो, सगळ्यांशी बोलून, पत्र लिहून, आशीर्वाद घेऊन आलो, तरी पळून आला. काहीतरी केलं असणार, काढलं असणार. एका नातेवाइकाने तोंडावर सांगितलं की तुमच्या घरातला आशीर्वाद गेला. आईने काही महिने पहिल्या मिस्साला जाणं सोडलं, दुसऱ्या मिस्साला जायची आणि मागच्या बाकावर बसायची, जी बाई वीस वर्षं तिसऱ्या रांगेत बसत होती. माझ्यामुळे आईने जागा बदलली, हे मला अजून गिळता येत नाही.

हेच मला काकींना सांगायचं होतं. तुमचा पोरगा जाऊ दे, आनंदाने जाऊ दे, त्याच्यासाठी मी पण प्रार्थना करीन. पण त्याला जाताना एकदा तरी सांगा की परत आलास तर तुझी खोली तशीच आहे. एकदाच सांगा, पण त्याला खरं वाटेल असं सांगा. माझ्या वर्गातले काही जण आज फादर आहेत आणि उत्तम फादर आहेत, आणि काही मी बघितले जे फक्त घरच्यांच्या तोंडाकडे बघून एकेक वर्ष पुढे ढकलत होते. दीक्षेच्या दिवशी बिशपांसमोर जो "हो" म्हणायचा असतो त्याला "नाही" म्हणायची वाट खुली असेल तरच काही किंमत आहे ना.

पंचवीस वर्षांचा होतो, बँकेत खातं नाही, पॅन कार्ड नाही, दोन पॅण्ट. बी.ए. होतं हे नशीब. पहिली नोकरी मालाडला कॉल सेंटरमध्ये, रात्रपाळी, कारण सेमिनरीतलं इंग्लिश. रात्री अमेरिकेतल्या लोकांची बिलाची भांडणं ऐकायची आणि पहाटे घरी यायचं, त्याच वेळी आजी दादरला निघायची तयारी करत असायची. तेव्हा ती ऐंशीला आलेली, रोज जात नव्हती, पण सणासुदीला जायचीच. आम्ही अंधारात दारात एकमेकांना भेटायचो. एका पहाटे मी तिची टोपली उचलली आणि स्टेशनपर्यंत गेलो. मग रोज जेव्हा ती निघायची तेव्हा मी टोपली घ्यायचो. बोलायचो नाही. रिक्षात ती जपमाळ काढायची आणि सुरू करायची, नमो मरिया, आणि उरलेली अर्धी प्रार्थना मी म्हणायचो, कारण रोझरी म्हणजे अर्धी एकाने म्हणायची, अर्धी दुसऱ्याने. असं आमचं बोलणं परत सुरू झालं.

त्याच काळात गोन्सालो गार्सियाच्या सणाला प्रवचन ऐकताना मी बाकावर सरसावून बसलो. वसईच्या मुलाला हा संत पाठच असतो: जन्म 1557 च्या आसपासचा, वसईचा, 5 फेब्रुवारी 1597 ला जपानमध्ये नागासाकीला क्रूसावर चढवलं, 1862 ला संत म्हणून घोषित झाला, भारतात जन्मलेला पहिला. पण मधलं आम्ही कधी नीट ऐकलंच नव्हतं. तो जेज्विट संघाच्या फादरांबरोबर जपानला गेला, त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं धर्मशिक्षक म्हणून काम केलं, त्याला त्यांच्यातला व्हायचं होतं आणि ते झालं नाही. मग तो बाहेर पडला आणि व्यापारी झाला. चक्क दुकान-धंदा. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन ह्या दुसऱ्या संघाच्या लोकांकडे गेला आणि तिथे ब्रदर झाला. फादर तो कधीच झाला नाही! आमच्या वसईचा सगळ्यात मोठा माणूस, ज्याच्या नावाने चर्च, कॉलेज, सगळं, आणि तो फादर नव्हता, आणि त्याच्या आयुष्यात एक मोठा तुकडा असा आहे जिथे तो एका वाटेवरून उतरलाय आणि दुसरी अजून सापडायची आहे. त्या तुकड्यात त्याच्या घरच्यांना कोणी काय काय बोललं असेल. मी घरी येऊन आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, व्यापार करायचा? मी म्हटलं, हो. ती विचार करत राहिली.

नंतरचं पटकन सांगतो. बी.एड. केलं, ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला लागलो, अजून शिकवतो. स्थळं बघताना दोन घरांनी सेमिनरीचं ऐकून नकार दिला, तिसऱ्या घरातल्या मुलीने मला विचारलं की तुम्हाला तिथलं काय आवडायचं, आणि मी तिला रात्रीच्या मौनाबद्दल सांगितलं. 2012 ला लग्न झालं. 2014 च्या मार्चमध्ये मुलगी.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आमच्या वाडीतला एक मुलगा फादर होणार होता. त्याचे वडील नव्हते, आई दुसऱ्याच्या वाडीत मजुरीने जायची. ऑक्टोबरात एक दिवस आजी म्हणाली, चल, सोनाराकडे जायचंय. मला वाटलं माझ्या मुलीसाठी काही करायचं असेल. पापडीच्या बाजारात गेलो. पाटल्या हातातून निघेनात, सांधे सुजले होते, सोनाराने साबणाचं पाणी आणलं, पाच-दहा मिनिटं लागली. पाटल्यांच्या जागी मनगटावर दोन पांढरे वळ राहिले, साठ वर्षं ऊन न लागलेले. सोनाराने वजन केलं, पैसे मोजले, तिने ते रुमालात बांधले आणि मला म्हणाली, आता त्या पोराच्या आईकडे ने.

रिक्षात ती बोलली. कादोडीत बोलली, इथे साध्या मराठीत लिहितो. म्हणाली, "पाटल्या माझ्या होत्या, त्या मी देवाला कबूल केल्या, त्या दिल्या. तू माझा नव्हतास. दुसऱ्याचं माणूस मी कसं कबूल केलं?" मग म्हणाली, "त्या रात्री मला काही सुचत नव्हतं रे."

मी तिचा हात धरला. मोकळ्या मनगटाचा हात मी पहिल्यांदाच धरत होतो, इतका बारीक होता.

आजी 2016 ला गेली. शेवटच्या आजारात मीच तिच्याजवळ रोझरी म्हणायचो, ती फक्त ओठ हलवायची.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं तलासरीकडे गेलो होतो. तो मुलगा, म्हणजे आता फादर, सध्या तिथल्या एका मिशनवर आहे. रविवारची मिस्सा, चर्च भरलेलं, वारली बाया, पोरं, बाहेर पाऊस. मिस्साच्या मध्यावर त्याने चॅलिस वर उचलली आणि माझी मान आपोआप खाली गेली. मिस्सा संपल्यावर त्याने मला सॅक्रिस्टीत, चर्चच्या आतल्या खोलीत, बोलावलं. धुऊन पुसलेली चॅलिस त्याने माझ्या हातात दिली, काही बोलला नाही. सेमिनरीत मी अशा कितीतरी चॅलिस पुसल्या आहेत, वजन हाताला ओळखीचं होतं. मुलगी टाचा उंच करून बघायला लागली तशी मी ती तिच्यासमोर खाली धरली. तिने आत डोकावलं, आतला सोन्याचा मुलामा चकचकत होता.

"पप्पा, ह्यात मी उलटी दिसतेय."

मी पण बघितलं. ती उलटी, मी उलटा, मागे खिडकी आणि पाऊस. मग फादरने ती पांढऱ्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवली, आणि आम्ही चहा प्यायला बाहेर गेलो.